ठिपक्यांतून लागलेली वंशावळ

बॅक्टेरिया ओळखायचा कसा, हे आम्हाला पुण्यात सत्तरच्या दशकात शिकवले गेले ते असे. आधी ग्रामचे रंजन, मग आकार: दांडा, गोल की स्वल्पविराम. मग बीजाणू आहेत की नाहीत, हलतो की नाही. त्यानंतर साखरांच्या नळ्यांची रांग. प्रत्येक नळीत उलटी बुडवलेली डरहॅमची छोटी नळी, तिच्यात वायूचा बुडबुडा धरला की अधिक, नाही धरला की उणे. अधिक-उण्यांची ती ओळ वहीत घेऊन ग्रंथालयात ‘बर्गीज मॅन्युअल’पुढे बसायचे. 1974 ची आठवी आवृत्ती होती, घरी न्यायला मिळत नसे. तीत नाव सापडले की प्रयोग संपला. हा बॅक्टेरिया त्या बॅक्टेरियाचा कोण लागतो, असे कोणी विचारलेच तर आमचे सर म्हणत, “नातं विचारू नकोस बाई, नाव लिही.”

सरांची यात काही चूक नव्हती. सूक्ष्मजीवांचे नाते लावायचा नाद मोठमोठ्यांनी सोडून दिला होता. रॉजर स्टेनियर आणि कॉर्नेलिस व्हान नील यांनी 1941 साली बॅक्टेरियांची नैसर्गिक वर्गवारी मांडायचा मोठ्या उत्साहाने प्रयत्न केला. 1962 साली त्याच दोघांनी पुन्हा एक लेख लिहिला आणि तो उद्योग व्यर्थ असल्याचे जवळजवळ कबूल केले. त्यांच्या हाती उरले ते एवढेच, की पेशीत केंद्रक असलेले जीव एकीकडे, नसलेले दुसरीकडे. म्हणजे बॅक्टेरियाची व्याख्या ‘काय नाही’ यावर उभी. हाडे, शिंगे, फुले, पाकळ्या असणाऱ्यांचे वंशवृक्ष डार्विननंतर शंभर वर्षांत भिंतीवर टांगले गेले होते. पृथ्वीवर ज्यांनी सर्वांत जास्त काळ काढला त्यांची मात्र साधी पिढी मोजायची सोय नव्हती, कारण दांडा हा शेवटी दांडाच दिसतो.

ही सोय ज्याने केली त्याला सूक्ष्मजीवशास्त्राचे औपचारिक शिक्षण जवळपास नव्हते. कार्ल वोझ 1928 साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला जन्मला. ॲमहर्स्ट महाविद्यालयात गणित आणि भौतिकशास्त्र, 1953 साली येल विद्यापीठातून जैवभौतिकीची डॉक्टरेट. मधे दोन वर्षे वैद्यकीचा अभ्यास करून तो सोडला. पुढे स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि 1964 साली इलिनॉय विद्यापीठात, अर्बानाला आला. मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेले हे गाव. तिथेच तो अखेरपर्यंत राहिला.

त्या काळात सगळ्यांना जनुकीय संकेताचे वेड होते: तीन अक्षरांचा कोणता गट कोणते अमिनो आम्ल मागतो, हे कोडे. ते सुटले आणि बहुतेकांनी हात झटकले. वोझला प्रश्न पडला तो पुढचा. हा संकेत असा का झाला, आणि तो वाचणारे यंत्र, म्हणजे रायबोसोम, घडले कसे? ते घडतानाच्या काळापर्यंत मागे जायचे तर सगळ्या जीवांची वंशावळ हाताशी हवी, आणि सूक्ष्मजीवांची ती नव्हती. 1969 च्या उन्हाळ्यात त्याने फ्रान्सिस क्रिकला पत्र लिहून आपला बेत कळवला: प्रत्येक पेशीत असलेल्या रेणूंची अक्षरे वाचायची, एकमेकांशी ताडायची आणि त्यांतून अब्जावधी वर्षांपूर्वीचा क्रम काढायचा. मूळ कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी 1965 सालीच रेणूंना उत्क्रांतीचे दस्तऐवज म्हटले होते. पण दस्तऐवज आहेत असे सांगणे निराळे आणि दप्तरात बसून ते वाचणे निराळे.

कोणता रेणू वाचायचा, या निवडीतच वोझची अक्कल दिसते. रायबोसोमच्या लहान भागातला आरएनए, ज्याला आता आम्ही सगळे नुसते ‘सोळा एस’ म्हणतो. तो प्रत्येक बॅक्टेरियात असतो, केंद्रकवाल्यांत त्याचा भाऊबंद अठरा एस असतो. त्याचे काम सगळीकडे एकच, त्यामुळे तो फार सावकाश बदलतो. पेशीत त्याच्या प्रती हजारोंनी असतात, म्हणून हाती पुरेसा माल लागतो. ई. कोलायमध्ये त्याची लांबी 1542 अक्षरे.

पण 1969 साली 1542 अक्षरे सलग वाचता येत नव्हती. फ्रेडरिक सँगरच्या केंब्रिजमधल्या गटाने 1965 साली एक रीत काढली होती, तीच वोझने उचलली. जीव वाढवायचा तो किरणोत्सारी फॉस्फरस घातलेल्या द्रवात. त्याचा आरएनए वेगळा काढायचा आणि त्यावर टी-वन नावाचे विकर सोडायचे. हे विकर प्रत्येक ‘जी’ या अक्षरानंतर साखळी कापते. तुकडे पडतात, कोणी दोन अक्षरांचा, कोणी दहा, कोणी पंधरा. प्रत्येकाच्या शेवटी एक ‘जी’. हे तुकडे हजारो व्होल्ट देऊन कागदावर आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने पळवायचे, त्यावर क्ष-किरणांची फिल्म ठेवायची आणि वाट पाहायची. फिल्मवर काळे ठिपके उमटतात. ठिपका कुठे पडला यावरून तुकड्यात काय असेल याचा अंदाज येतो. पक्के करायचे तर तो ठिपका कापून पुन्हा दुसऱ्या विकराने तोडायचा, पुन्हा पळवायचा, पुन्हा फिल्म. एका जीवाची यादी पुरी व्हायला आठवडेच्या आठवडे जात. वोझ प्रकाशपेटीवर फिल्म लावून दिवसभर त्या ठिपक्यांकडे बघत बसे. तांत्रिक काम लिंडा मॅग्रम आणि तिच्याआधीचे-नंतरचे सहकारी करत, पण फिल्म वाचायची ती त्यानेच. अशी त्याने आठ-नऊ वर्षे काढली. कामाचे म्हणावे असे फारसे छापून आले नाही. आजच्या हिशेबात तो दोन-तीन अहवालांतच अनुदानाबाहेर फेकला गेला असता.

या कामाला आज ‘बायोइन्फर्मेटिक्स’ म्हणतात आणि त्याची सुरुवात संगणकापासून सांगतात. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचे कारण पुण्यात आहे. आघारकर संशोधन संस्थेतून भांडारकर प्राच्यविद्या संस्था चालत जाण्याजोगी. तिथे 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि 1966 साली संपले. विष्णू सीताराम सुकथनकर 1925 पासून त्याचे प्रमुख संपादक. त्यांनी आदिपर्वाच्या 1933 सालच्या प्रस्तावनेत कामाची रीत सांगितली आहे. उभ्या-आडव्या रेघा आखलेला फुलस्केप कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक ठसठशीत अक्षरांत. खाली एकेका हस्तलिखिताला एकेक ओळ, आणि जिथे पाठ वेगळा असेल तिथे ते अक्षर नेमक्या त्याच्या उभ्या रकान्यात भरायचे, अक्षरागणिक. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या, आणि त्या भरायला बसलेले शास्त्री आणि पदवीधर. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी सापडली तर दोघींची आई एक, हे त्यातले मुख्य सूत्र. आज सोळा एसचे क्रम संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक लावतात तेव्हा दिसते ते हेच: वर एक ओळ, खाली ओळीच ओळी, आणि उभ्या रकान्यांत बदललेली अक्षरे. नक्कल करणाऱ्याच्या चुकांवरून घराणे ओळखायचे. लेखनिक शास्त्रीबुवा असोत की पेशीतले विकर, तर्क बदलत नाही. भांडारकरमधला तो आखलेला कागद आणि अर्बानातली ती प्रकाशपेटी मी एकाच विद्येत धरते.

वोझच्या याद्यांचे गणित तर शाळकरी पोरालाही करता येईल. दोन जीवांच्या याद्या घ्यायच्या, सहा किंवा त्याहून जास्त अक्षरांचे तुकडे तेवढे धरायचे. दोघांत सारखे असलेल्या तुकड्यांतली अक्षरे मोजायची, त्यांची दुप्पट करायची आणि दोघांच्या एकूण अक्षरांच्या बेरजेने भागायचे. सगळे सारखे तर उत्तर 1, काहीच सारखे नाही तर 0.

त्याच विद्यापीठात राल्फ वुल्फ नावाचा प्राध्यापक मिथेन वायू तयार करणाऱ्या जीवांवर काम करत होता. हे जीव प्राणवायूचा वाराही सोसत नाहीत, त्यामुळे त्यांना वाढवणे हेच एक शास्त्र. वुल्फचा विद्यार्थी विल्यम बाल्च याने बंद बुचाच्या नळीत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड दाबाखाली भरून त्यांना वाढवायची युक्ती काढली. तीमुळे किरणोत्सारी फॉस्फरस सांडण्याच्या भीतीशिवाय हे जीव वापरता आले. आमच्या आठव्या आवृत्तीत या मंडळींना वायूच्या नावाने एका गटात घातले होते. त्याआधी दांडा असेल तर दांड्यांत आणि गोल असेल तर गोलांत, असे ते विखुरलेले होते. पण होते मात्र बॅक्टेरियांतच. त्याबद्दल कोणाला शंका नव्हती.

1976 च्या उन्हाळ्यात वोझने त्यांतल्या पहिल्याची फिल्म पाहिली. बॅक्टेरियाच्या यादीत हमखास सापडणारे तुकडे त्यात नव्हते. वर्षानुवर्षे तेच ठिपके बघितलेल्या माणसालाच हे खटकणार. ‘अमुक जागी काही नाही’ हे ओळखायला तिथे नेहमी काय असते हे तोंडपाठ लागते. आधी वाटले, चुकून भलताच आरएनए काढला. पुन्हा केले, पुन्हा तेच. मग दुसरा मिथेनवाला, तिसरा, चौथा. वोझने वुल्फला जाऊन सांगितले की हे बॅक्टेरियाच नाहीत. वुल्फने समजावले, अर्थातच आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली बॅक्टेरियासारखेच तर दिसतात.

नोव्हेंबर 1977 मध्ये वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांचा लेख अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये आला. पाने तीन. त्यात तेरा ओळींचा आणि तेरा रकान्यांचा एक तक्ता. यीस्ट, पाण्यावर तरंगणारी इवलीशी लेम्ना आणि उंदराची पेशी हे एक टोळके. ई. कोलाय, घटसर्पाचा जंतू, एक नीलहरित जीव आणि त्यांच्या जोडीला लेम्नाचेच हरितलवक हे दुसरे. आणि चार मिथेनवाले हे तिसरे. मिथेनवाल्यांचे आपसांतले आकडे ठळक. पण त्यांचा ई. कोलायशी आकडा 0.1 च्या आसपास, आणि यीस्टशी तोही साधारण तेवढाच. म्हणजे मिथेनवाले बॅक्टेरियांपासून जितके दूर, तितकेच आपल्यापासून. सजीवांचे दोन नव्हे, तीन मूळ वंश आहेत, हा निष्कर्ष त्या तक्त्यावर उभा. जीवशास्त्रात इतक्या कमी कागदावर इतकी मोठी उलथापालथ क्वचितच झाली असेल.

मग गंमत झाली. पैसा नासाचा आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा होता, त्यांनी पत्रक काढले. 3 नोव्हेंबर 1977 च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पहिल्या पानावर बातमी. नोबेल मिळवलेल्या साल्व्हाडोर लुरियाने वुल्फला फोन करून सुनावले की या भानगडीतून अंग काढून घे, नाहीतर नाव जाईल. लेख वाचायच्या आधीच लोकांचे मत झाले होते. वोझ मुळात एककल्ली, परिषदांना न जाणारा, भाषणे न देणारा. हे ठिपके कोणाला वाचता येत नव्हते, आणि तो समजावून सांगण्याच्या भानगडीत पडत नव्हता. पुढची काही वर्षे अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी त्याला विक्षिप्त समजून बाजूला ठेवले. मला त्यांचा राग येत नाही. एखादा माणूस येतो, तुमच्या शंभर वर्षांच्या पुस्तकावर रेघ मारतो, आणि पुरावा म्हणून धुरकट फिल्म दाखवतो, तर पहिल्या दिवशी कोण ऐकेल? पण पहिला दिवस फार लांबला, हेही खरे.

आधार मिळाला तो जर्मनीतून. म्युनिकच्या ओटो कँडलरला या जीवांच्या पेशीभित्तिकेत बॅक्टेरियांचा ठरलेला पदार्थ सापडतच नव्हता. त्याला वोझचा तक्ता वाचताच उलगडा झाला. वोल्फ्राम झिलिगला त्यांचे आरएनए बनवणारे विकर बॅक्टेरियांपेक्षा आपल्यासारखे दिसले. 1981 साली म्युनिकला या जीवांवरची पहिली परिषद भरली. तोवर खारट पाण्यात वाढणारे आणि उकळत्या झऱ्यांत राहणारे जीवही याच तिसऱ्या वंशात आले होते. 1990 साली वोझ, कँडलर आणि मार्क व्हीलिस यांनी तीन अधिक्षेत्रे अधिकृतपणे मांडली: बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया.

आता हे सगळे अर्बाना आणि म्युनिकचे झाले. पण हे जीव आपल्या दारात किती आधीपासून आहेत ते पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लावले गेले होते. जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टाकीचा गोबर गॅस संच बेतला, खादी ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकापासून तो गावोगाव नेला. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरी परसात असा एक होता. सकाळी आई शेणकाला ढवळून ओती आणि टाकी वर आली की निळ्या जाळावर चहा ठेवी. तो जाळ आर्कियांनी दिलेला. शेण मुळात कुजवतात ते बॅक्टेरिया, पण शेवटचा घास, हायड्रोजन आणि ॲसिटेट खाऊन मिथेन सोडण्याचा, एकट्या या तिसऱ्या वंशाच्याच वाट्याला येतो. सजीव सृष्टीत मिथेन तयार करण्यावरच गुजराण करणारे दुसरे कोणी सापडलेले नाही. गायीच्या पहिल्या पोटात तेच, भाताच्या चिखलातही तेच. अलेस्सांद्रो व्होल्टाने 1776 साली इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या गाळातून तो वायू गोळा केला होता. गॅस माहीत होऊन दोनशे वर्षे झाली, तेव्हा कुठे तो सोडणारा कोण हे कळले.

लोणारचेही तसेच. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि वर्तमानपत्रांत नाना तर्क आले. आघारकर संस्थेने नमुने तपासले: पाणी कमी होऊन खारटपणा वाढला होता आणि खारप्रिय आर्कियांनी आपले रंगद्रव्य दाखवले होते. याच जातकुळीला वोझ, मॅग्रम आणि सहकाऱ्यांनी 1978 साली बॅक्टेरियांतून उचलून तिसऱ्या वंशात ठेवले होते. मिठागरात मीठ धरायच्या बेताला आलेले पाणी लालसर दिसते, तेही मुख्यतः यांच्यामुळे.

पुढचा इतिहास यंत्रांचा म्हणून सांगितला जातो. मी तो वहीखात्यांचा म्हणून सांगेन. कारण क्रम वाचून उपयोग नाही, तो ताडायला दुसऱ्यांचे क्रम एका जागी लागतात. हे पहिल्यांदा ओळखले मार्गारेट डेहॉफने. तिने 1965 साली प्रथिनांच्या क्रमांचा संग्रह पुस्तकरूपाने काढला. त्यात 65 प्रथिने होती. अमिनो आम्लांना एकेका अक्षराची खूण तिनेच दिली, छिद्रांच्या कार्डांवर जागा वाचावी म्हणून. डीएनएच्या क्रमांची सार्वजनिक पेढी ‘जेनबँक’ 1982 साली सुरू झाली. त्या डिसेंबरात तिच्यात 606 क्रम होते, सगळी अक्षरे मिळून 6,80,338. नव्वदच्या दशकाच्या आरंभी वोझ आणि गॅरी ओल्सन यांनी रायबोसोमच्या क्रमांचे खुले भांडार उघडले. 1990 साली ‘ब्लास्ट’ हा शोधणारा प्रोग्राम आला आणि नवा क्रम जुन्यांच्या ढिगाशी ताडणे मिनिटांचे काम झाले. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे उभारले, त्यातले एक पुणे विद्यापीठात 1987 साली निघाले. आमच्या पिढीला तोवर हाताने वाचायची सवय होती: एकीने फिल्म खिडकीशी धरून ए, सी, जी, जी, टी असे ओरडायचे, दुसरीने लिहायचे, मग अदलाबदल करून पुन्हा. दोघींचे जुळले नाही तर चहा पिऊन तिसऱ्यांदा.

संपूर्ण जनुकसंचाची गोष्ट मी भराभर सांगते, ती सगळीकडे मिळते. हॅमिल्टन स्मिथच्या सुचवण्यावरून क्रेग व्हेंटरच्या संस्थेने हिमोफिलस इन्फ्लुएंझी हा जंतू घेतला. त्याचा डीएनए फोडून हजारो तुकडे वाचले आणि संगणकाने जोडले. 18,30,137 अक्षरे, जुलै 1995. सरकारी अनुदान समितीने ही रीत चालणार नाही म्हणून अर्ज फेटाळला, तेव्हा काम जवळजवळ पुरे होत आले होते. लगेच 1996 साली पहिला आर्किया, मिथॅनोकॉकस जन्नास्की. पॅसिफिकच्या तळाशी 2600 मीटर खोल उष्ण विवरातून आणलेला. त्या लेखावर वोझ आणि ओल्सनचीही नावे आहेत. त्याची निम्म्याहून जास्त जनुके तेव्हाच्या कुठल्याच ज्ञात जनुकाशी जुळेनात. आर्किया वेगळ्या घराण्याचे आहेत, यावरचा वाद त्या दिवशी बराचसा मिटला. 1998 साली क्षयाचा जंतू, 2001 साली कुष्ठाचा. कुष्ठाचा जो नमुना वाचला तो तमिळनाडूतल्या रुग्णाचा होता. त्यात 1,604 जनुके चालू आणि 1,116 मोडलेली निघाली. हा जंतू काचेच्या बशीत वाढत का नाही, याची शंभर वर्षांची तक्रार त्या मोडतोडीने बरीच समजली.

पण जसजसे पूर्ण जनुकसंच हाती आले तसा वंशवृक्षच डळमळला. सूक्ष्मजीव जनुके नुसती वारशाने घेत नाहीत, शेजाऱ्याकडूनही उचलतात. फोर्ड डूलिटल यांनी 1999 साली स्पष्ट म्हटले की अशाने एकच एक झाड काढणे अवघड. सुकथनकरांना हाच पेच पडला होता. लेखनिक एकच पोथी समोर ठेवून नक्कल करत नाही, दुसऱ्या पोथीतला चांगला वाटलेला श्लोक मधेच घालतो. म्हणून त्यांनी सुट्या पोथ्यांची वंशावळ लावायचे सोडून शाखांची लावली, आणि आपण मूळ महाभारत नव्हे तर पोथ्यांवरून पोहोचता येईल तेवढा जुना पाठ देत आहोत, असे स्वच्छ सांगितले. वोझही 1998 साली त्याच ठिकाणी आला: सगळ्यांचा पूर्वज हा एक जीव नसून आपसांत जनुके वाटून घेणारा समुदाय असावा. असे म्हणायला स्वतःच्या झाडाचे मूळ स्वतःच पुसावे लागते. त्याच वर्षी चौऱ्याण्णव वर्षांच्या अर्न्स्ट मायरने, विसाव्या शतकातल्या उत्क्रांतीशास्त्राच्या भीष्माचार्याने, तीन अधिक्षेत्रे मान्य नसल्याचा लेख लिहिला. आर्किया आणि बॅक्टेरिया दिसतात सारखे, मग वेगळे कसले? मायरची हयात पक्षी पाहण्यात गेली होती. जे डोळ्यांना वेगळे दिसत नाही ते वेगळे मानणे त्याला जमणार नव्हते.

तीन अधिक्षेत्रांवर मात्र शेवटचा शब्द वोझचाही नाही. 2015 साली आर्क्टिकच्या समुद्रतळाच्या गाळातून नुसत्या डीएनएवरून लोकीआर्किया हा गट बांधला गेला, आणि केंद्रकवाले म्हणजे आपण त्या आर्कियांच्याच फांदीतून फुटलो असा कौल जोरात आला. तसे असेल तर मूळ वंश तीन नव्हे, दोन. त्या गटाच्या जवळचा एक जीव जपानी संशोधकांनी बारा वर्षे खपून प्रयोगशाळेत वाढवला, तो अहवाल 2020 चा. वोझ 30 डिसेंबर 2012 रोजी वारला. लीउवेनहुक पदक, अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक, 2003 साली स्वीडनचे क्राफोर्ड पारितोषिक हे सगळे मिळाले. नोबेल मिळाले नाही. उत्क्रांतीला तिथे वेगळा रकाना नाही.

आता शिक्षकांना एक विनंती. आजची मुले वसाहत कंपनीकडे पाठवतात, काही दिवसांत सोळा एसचा क्रम आणि एक नाव ईमेलने येते, शेजारी टक्केवारी. 98.7 च्या वर असेल तर तीच प्रजाती, असे समजून ते प्रबंधात डकवतात. ते नाव कुठल्या खात्यातून आले, त्या खात्यात ते कोणी कशावरून लिहिले, हे कोणी उघडून बघत नाही. आणि त्या खात्यांत चुकीची नावेही भरपूर आहेत. आमचे सर निदान ‘नातं विचारू नकोस’ म्हणत. आता विचारायची सोय आहे आणि विचारणारे नाहीत. तेव्हा वर्षातून एक दुपार काढा. ई. कोलाय, एक बॅसिलस, एक मिथॅनोबॅक्टेरियम आणि यीस्ट, यांचे क्रम फुकट मिळतात, ते कागदावर छापा. मुलांच्या हाती पेन्सिल द्या. प्रत्येक ‘जी’नंतर उभी रेघ मारायला लावा, तुकड्यांच्या याद्या करवा आणि वोझचा भागाकार करायला सांगा. सहा अक्षरांपेक्षा लहान तुकडे मात्र धरू देऊ नका. ते योगायोगानेही सगळ्यांत सापडतात.